गार शेवया

एप्रिलातली दुपार. मंगळवार पेठेत
पत्रा असा तापलाय की कावळासुद्धा
एका पायावरून दुसऱ्या पायावर होतोय.
खानावळ बंद, आज सोमवार.
वीस वर्षं ह्या हातांनी तांबडा केला, पांढरा केला,
आणि भाची म्हणते, मामा,
जनावराचं काही नको. दूधपण नको.
मधपण?
मधपण.
अगं, मग कोल्हापुरात आलीस कशाला?
हसली. दारात चपला काढल्या होत्या तिनं,
त्याही कापडाच्या.

शेगडीपाशी उभं राहायचं ते एवढंच:
पाण्याला उकळी, त्यात शेवया.
चौगुलेकाकूंच्या, खपली गव्हाच्या,
मागच्याच आठवड्यात गच्चीवर काठीला वाळत होत्या.
शलाकानं नूडल्सचं पाकीट आणलं होतं पुण्याहून,
ते मी फळीवर सारलं.
लांब, बारीक, शिजलं की घसरणारं,
शेवई काय आणि ते काय!
एक उचलून दाताखाली धरली.
मधे कणी राहिली पाहिजे. राहिली. उतर.

मग माठातलं पाणी. ओत, चोळ, परत ओत.
पिठूळ पाणी मोरीत चाललंय
आणि शेवया बोटांतून मोकळ्या होतायत
न्हालेल्या केसांसारख्या.
ती चारेक वर्षांची होती, ताई कामावर,
आंघोळीला मीच घालायचो,
शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून
कपाळावर आडवा तळवा धरून.
आठवतंय का, हे काही विचारलं नाही.

पाट्यावर भाजलेले दाणे, तेल सुटेपर्यंत.
त्यात कांदा-लसूण चटणी.
हिच्यात कुठलं जनावर नाही ना?
नाही, मामा.
चला, तेवढं वाचलं.
चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, घाण्याचं शेंगतेल,
काकडी कोचवलेली, कोथिंबीर देठासकट.
आणि हात सवयीनं फडताळाकडं गेला,
दह्याच्या भांड्यापर्यंत.
झाकणावर थांबला.
ती बघत होती.

गंगावेशीत न्यायचास मला पहाटे, ती म्हणाली,
धारोष्ण पेला, ओठावर फेस.
आवडायचं मला ते.
मग एका सुट्टीत बाबांच्या गावी, गोठ्यात,
म्हशीपुढं एक रेडकू उभं केलेलं.
पेंढा भरलेलं. डोळ्यांच्या जागी टाके.
ती त्याला चाटत होती, मामा.
आणि आजोबा धार काढत होते.

मी कैरी किसत होतो.
किसता किसता कोय लागली,
तरी हात चालूच.
नळी फोडून देणारा माणूस मी, गिऱ्हाइकाला,
ह्यावर काय बोलणार?
मीठ बघ, म्हटलं.

माठाखालच्या ओल्या वाळूत पातेलं रोवलं,
वर भिजवलेलं फडकं.
लाइट गेली होती. अर्धा तास आम्ही दोघं
फरशीवर पाय पसरून, पंख्याकडं बघत,
जसं काही बघितल्यानं फिरेल.

चौगुलेकाकू आल्याच, वासावर.
"माझ्या शेवयांचं ह्ये काय केलंसा?
ना दूध, ना गूळ!"
गूळ आहे की, म्हटलं.
खाल्लं. काही न बोलता वाटी पुन्हा पुढं केली.
खरं सांगतो, मला वाटलं होतं
पाहुण्याचं खाणं होईल, आजाऱ्याचं.
पण आधी गार लागतं, मग आंबट,
आणि तिखट मागनं येतं, दमानं,
तालमीतनं घाम पुसत कोणी यावं तसं.

उद्या पहाटे मटणाला जायचंय.
जाणारच, धंदा आहे.
आत्ता पातेल्याच्या तळाशी चिंचगुळाचं पाणी उरलंय
आणि शलाका ते पातेलं तिरकं करून पितेय,
केस कपाळावरून खाली, पार डोळ्यांत.
मी तळवा पुढं केला.
बोटांना चटणी होती.
मागं घेतला.